इंद्रभानच्या गाडीतले पाळने

लाइट बारा वाजता येईन, मंग गव्हाले पानी. तोवर मोबाइल खिशात घाला बे, एक सांगतो. मनानं केलेली गोष्ट नाई. इंद्रभान माह्या शेजारचा, त्यानं सोता सांगितली, अन् त्याले लबाड बोलता येत नाई. येत असतं तं आजवर सरपंच झाला असता.

इंद्रभान चिखलीत भाड्याची पिकअप चालवते. लग्नाले बारा वर्षं झाली, लेकरू नाई, म्हनून त्यानं अन् त्याच्या बायकोनं, सुचितानं, एका शिशुगृहातून काजलले आनलं. अडीच वर्षांची. कोनत्या गावचं शिशुगृह ते इचारू नका, तिथं तान्ही लेकरंबी दगावली म्हनते. पोट्टी देखनी, पन रडे नाई. तव्याले बोट लागलं, फोड आला, तरी नाई. कडेवर घेतलं तं लाकडावानी ताठ. रात्री उठून बसे अन् अंधारात सोताच पुढं-मांगं डुले. डॉक्टर म्हने, सुरुवातीले रडल्यावर कोनी आलंच नाई, तं लेकरानं रडनं सोडून देल्लं. धा लेकरांमांगं एक बाई, ती कोनाकोनाले उचलीन? बोलनं, चालनं, जीव लावनं, सारं त्याच्यानंच मांगं पडलं. उचलत राहा म्हने, येईन.

सुचितानं आठ महिने उचललं. मंग थकली. पोट्टी मले भिंतीकडं पाह्यल्यासारखी पाह्यते, म्हनून रडली. दत्तकाचे कागद अजून पक्के झाले नव्हते. सोमवारी पोरीले बालकल्यान समितीकडं वापस नेऊन द्याचं ठरलं. मले लय राग आला होता, पन दुसऱ्याच्या घरात आपून काय बोलाव?

त्याच्या आधीचा शुक्रवार. मार्गशीर्षाची अवस, गेल्या सालची. तेच शिशुगृह बंद पडलं होतं अन् तिथले नऊ लोखंडी पाळने मेहकरच्या फकीर मोहम्मद भंगारवाल्यानं घेतले. भाडं इंद्रभानले भेटलं. माल भरता भरता रात्र झाली. सकाळी मेहकरले नेऊ म्हने, अन् गाडी आपल्या अंगनात लावली. चढाची फळी तशीच टेकवलेली राह्यली.

दोन वाजून धा मिनिटांनी त्याले जाग आली. काजल अंथरुनात नव्हती. दार उघडं होतं.

तो बाहेर आला. वारा नाई. कुत्रं नाई. पोट्टी गाडीत चढली होती... एका पाळन्यात बसून डुलून राह्यली होती.

अन् बाकीचे आठ पाळने...

तेबी हालत होते. एकाच तालात. लोखंड हालते, अन् आवाज नाई.

रिकामा पाळना हालवू नये म्हनते आपल्यात. इथं हालवाले कोनी नव्हतंच...

इंद्रभान दोन पावलं मांगं सरला. मांगून सुचिता आली. त्यानं तिचा हात धरला. तिनं सोडवला. फळीवरून चढली. काजलले उचलून उजव्या कडेवर घेतलं. तिचा पाळना थांबला.

बाकीचे नाई.

सुचितानं त्या आठ पाळन्यांकडं पाह्यलं. मंग हळूच म्हने, "याईलेबी कोनी उचललं नाई वो."

तिनं दुसऱ्या पाळन्यात हात घातला. तिथं काही नव्हतं. ते तिनं उचललं. डाव्या खांद्याले लावलं. थोपटलं. खाली ठेवलं. पाळना थांबला...

तिसरा...

चवथा...

बायको येडी झाली असं इंद्रभानले वाटलं. नववा पाळना थांबला.

अन् काजलनं भोकाड पसरलं. पहिल्यांदाच. सुचिताच्या मानेले दोन्ही हातांनी मिठी मारून असं रडली का सारी गल्ली जागी झाली. सुचिता गाडीतच खाली बसली अन् तिच्यापेक्षा जास्त रडली.

सोमवारी कोनी कुठं गेलं नाई. पोट्टी आता अंगनवाडीत जाते. बोलनं उशिरा आलं, पन आलं.

एक गोष्ट मात्र इंद्रभान अजूनबी दबक्या आवाजात सांगते. सकाळी सुचिता साडी बदलाले गेली. डावा खांदा ओला होता... पार पाठीपर्यंत. तान्हं लेकरू खांद्यावर दूध ओकते ना, तसं. एका जागी नाई, आठ जागी. घरात तान्हं कोनी नाई. इंद्रभाननं हात लावून पाह्यला.

गरम होतं.