आग्रहांक तीन

बोलगडी घरोघरी आल्यापासून कुणी कुणाला चहा विचारेनासं झालं होतं. ते काम बोलगडीच करत. बोलगडी म्हणजे भिंतीतल्या रुळावरून फिरणारा, दोन हातांचा, माणसासारखं बोलणारा नोकर. त्याला मोजक्याच आज्ञा कळत: आण, ने, लाव, थांब. डोकं बेताचं असल्यामुळे तो टिकायचाही खूप.

त्याला शिकवलं होतं शर्वाणीनं. सगळं जमलं, फक्त 'नको' अडलं. पहिल्या नमुन्याला नको म्हटलं की तो खरंच निघून जायचा. साताऱ्यात महिनाभरात चार जावई सासुरवाडीहून उपाशी परतले. मग शर्वाणीनं, दमून, त्याच्यात एक आकडा घातला आणि त्याला आग्रहांक म्हटलं. कितव्या नकाराला नकार समजायचं, हे तो आकडा ठरवी. तिनं तीन ठेवला. जावई जेवू लागले.

आज तिला दिगूमामांनी बोलावलं होतं. आई गेल्यावर तिचं म्हणावं असं एवढं एकच माणूस उरलं होतं. मामांची मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि दिवसाआड यंत्र त्यांचं रक्त गाळायचं. यंत्र लावायचं की नाही, यात कायद्यानं रोग्याचा शब्द शेवटचा. तो शब्द ऐकायचा बोलगड्यानं.

"शरू, तुझ्या या गड्याला आवर," मामा म्हणाले. "पुरे झालं मला. मी नको म्हणतो, तो परत विचारतो. परत नको म्हणतो, तर म्हणतो, काका, थोडंसं तरी."

"मग?"

"मग काय, थोडंसं घ्यावं लागतं. वर्ष झालं."

"तिसऱ्यांदा नको म्हणा ना. तो थांबतो."

"तिसऱ्यांदा नको म्हणणारा माणूस आपल्यात पाहिलायस कधी?" मामांनी जन्मभर लग्नाच्या पंगतीत जिलब्या वाढल्या होत्या. "घेणाऱ्याला इतका त्रास होतो, मला काय ठाऊक. तो आकडा एक कर बघू."

शर्वाणीनं मामांच्या उशाशी खुर्ची ओढली. मग म्हणाली, "तो रोग्यानंच सांगायचा असतो."

मामा उशीला टेकून नीट बसले. "गड्या, आग्रहांक एक कर."

"कशाला काका, राहू दे की," बोलगडी म्हणाला. तो गोडवा शर्वाणीनंच त्याच्या आवाजात भरला होता.

"नको. एक कर."

"असं काय करता. माझ्यासाठी."

मामांनी भाचीकडे पाहिलं. 'रेटा, मामा' एवढं ती म्हणाली असती तरी पुरलं असतं. ती यंत्राच्या नळीकडे बघत राहिली.

"बरं," मामा म्हणाले. "एवढं म्हणतोयस तर राहू दे. लाव."

बोलगड्यानं लगेच नळी जोडली. होकार तो पहिल्याच खेपेला खरा मानायचा. तिथंही एखादा आकडा हवा, हे आजवर कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आत्ता शर्वाणीच्या आलं, आणि तिनं मामांच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं.