तंगाची दुसरी फेरी

एवारिस्तो मला पहिल्यांदा दिसला तेव्हा तो एका घोडीची माफी मागत होता. तिच्या खुरात अडकलेला खडा त्याला उशिरा दिसला होता म्हणून. ओढ्यावर पाणी भरता भरता मी हसले. त्याने वळून पाहिलं, आणि त्याचे कान लाल झाले... माझेही झाले असावेत, पण मी ते उन्हावर ढकललं.

सान हुआनहून आम्ही वीस स्वार डोंगर ओलांडायला निघालो होतो. बाबा वाटाड्या. एवारिस्तो तांबड्या घोड्यावरून, घंटावाल्या घोडीला धरून सगळ्यांच्या पुढे. तिची घंटा ऐकू येते तोवर मागची जनावरं बिनघोर चालतात. घोड्यांची देखभाल माझ्याकडे. खोगिराखालच्या घोंगडीला चुणी राहू द्यायची नाही, खूर बघायचे, आणि तंग, म्हणजे पोटाखालचे पट्टे, दोनदा आवळायचे. सकाळी खोगीर चढवताना घोडं लबाडीने पोट फुगवतं. तासाभराने पोट बसतं, तंग सैल पडतो, म्हणून दुसरी फेरी.

दोन वर्षांपूर्वी चौथ्या दिवसाच्या कड्यावर रुफिनोकाका असेच गेले. तंग सैल, खोगीर फिरलं, आणि खाली नदी. तेव्हापासून तो कडा जवळ आला की माझ्या तोंडाला कोरड पडते.

त्या दिवशी कड्याच्या अलीकडे थांबलो. मी एकेक तंग आवळत एवारिस्तोपाशी पोचले.

"माझ्याकडे येताना फार वेळ लावतेस, नेलिदा."

"तुझ्या घोड्याला वास येतो."

"घोड्याला? की मला?"

त्याने असं काही पाहिलं – की माझे हात कुठे होते तेच मला कळेना. "तुझा शेवटी बघते," म्हणून मी दुसऱ्या घोड्याकडे पळालेच. तेवढ्यात वारा उठायच्या आत निघा म्हणून बाबांनी घाई केली. एवारिस्तो निघाला. घंटा वळणाआड गेली, आणि मग मला आठवलं.

त्याचा तंग राहिला होता.

कड्यावर हाक मारायची नसते. एक घोडं बिचकलं की सगळी रांग जाते. मी धावत जाऊन बाबांना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. वाट एका घोड्यापुरती, मागून जाणं म्हणजे त्याला ढकलणंच. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि घंटा ऐकत राहा म्हणाले.

मी ऐकत राहिले. टण... टण... आणि मग काहीच नाही.

वारा होता, नदी होती, घंटा नव्हती. तीन दिवसांत मी त्याला एक धड वाक्य बोलले नव्हते. तो मला आवडतो, इतका आवडतो की मला श्वास घेता येत नाही, हे मला तिथे, त्या शांततेत कळलं.

टण.

मग पुन्हा. पण आता सावकाश, पायी चालणाऱ्या माणसाच्या चालीने. बाबांनी माझं मनगट सोडलं, तेव्हा त्यांचाही हात घामेजला होता.

आम्ही एकेक करून पार झालो. पलीकडे तो घोड्याला टेकून उभा होता, गुडघा खरचटलेला, खोगीर एका अंगाला कललेलं.

"खोगीर सरकलं, मग उतरलो. चालत आलो," तो म्हणाला.

"दुसऱ्यांदा तंग आवळता येत नाही तुला?"

"येतो की."

"मग रोज माझी वाट का बघतोस?"

"मी आवळला असता... तर तू कशाला आली असतीस?"

त्याच्या एक ठेवून द्यावी असं वाटलं. त्याऐवजी मी त्याच्या घोड्याच्या मानेत तोंड लपवून रडले. मग खोगीर सरळ केलं आणि तंगाला हात घातला. त्याने माझ्या बोटांवर आपला हात ठेवला.

"रागावलीस?"

"घाबरले. तू आवडतोस मला, म्हणून घाबरले."

त्याने हात काढला नाही. आम्ही दोघांनी मिळून पट्टा शेवटच्या भोकापर्यंत ओढला. बाबांनी निघायची खूण केली.

"उद्यापासून तुझा घोडा पहिला," मी म्हटलं.

"आणि दुसऱ्या फेरीला?"

"तेव्हाही."