पोहता न येणारी वल्हेआजी

खोऱ्यातल्या नदीकाठच्या शिल्पवाटेवरून एका रात्रीत माणसाएवढी म्हातारी नाहीशी झाली, तेव्हा भावजींचे पाय गरम पाण्याच्या बादलीत होते.

आदल्या दिवशी संग्रहालय, टेकडीवरचा मनोरा आणि होडीची फेरी त्यांनी एका दमात उरकली होती. होडीत त्यांची टोपी उडाली. या नदीत पडलेलं सगळं पुढच्या वळणावरच्या लव्हाळ्यात अडकतं, उद्या आणून देतो, असं नावाडी म्हणाला होता. टोपी आली नाही. संग्रहालयाच्या बाई मात्र धापा टाकत आल्या.

त्या आल्या वहिनींकडे. वहिनी खाजगी गुप्तहेर. भावजी त्यांचे दीर आणि, स्वतःच्याच शब्दांत, त्यांचा उजवा हात. वहिनी डावखुऱ्या होत्या.

जन्मभर या नदीवर होडी चालवणाऱ्या वल्हेआजीचा लाकडी पुतळा चौथऱ्यावरून गेला होता. आजीचा मुलगा म्हणजेच आताचा नावाडी. पुतळा बसवायला त्याचा पहिल्यापासून विरोध, म्हणून शिल्पकारानं त्याच्यावरच बोट ठेवलं होतं.

"संध्याकाळपर्यंत पुतळा मिळाला नाही, तर त्याच्याकडून होडीचा धक्का काढून घेणार आहेत," बाई म्हणाल्या. "मला पटत नाही हो. पण हा बाबा तोंडच उघडत नाही."

वहिनींनी भावजींकडे टॉवेल फेकला.

चौथरा धक्क्याला लागूनच होता. त्यातल्या खाचेत पुतळा नुसत्या वजनावर उभा असे. बोल्ट का नाही मारले, असं विचारताच शिल्पकार दुखावला.

"म्हातारीच्या पायांतून बोल्ट मारू? माझे हात झडतील. आणि गरजच काय? हलवायला दोन गडी लागतात."

पहाटे धरणातून पाणी सोडलं होतं. उजाडेपर्यंत ते ओसरलं, पण वाट चिखलाची झाली म्हणून फिरणाऱ्यांना बंदी होती. त्यावरून भावजींना एक कल्पना सुचली. पुतळा वाहून गेला असेल.

शिल्पकार हसला. "बुडणारं लाकूड आहे ते, साहेब. तुकडा टाकून पाहिलाय मी. हळूहळू का होईना, तळाशी गेलाच. बुडाला असता तर इथेच दिसला असता. पाणी बघा किती नितळ आहे."

भावजींनी कल्पना परत घेतली. शिल्पकाराची आणखी एक तक्रार होती. पुतळ्याच्या खांद्यांवर आणि कमरेला पट्ट्यापट्ट्यानं पॉलिश झिजलं होतं. नावाडी आईलाच खुंटा समजून होडीचा दोर बांधतो, असा त्याचा वहीम.

वहिनींनी खाचेत बोट फिरवलं. बोटाला ओला गाळ लागला. त्यांनी ते भावजींच्या रुमालाला पुसलं.

संग्रहालयात आजीचं वल्हं आणि फोटो होता. बाई फोटोपुढे रेंगाळल्या. पुतळा आत ठेवावा असं त्यांनाही वाटत होतं, कारण पर्यटक त्याच्यावर ओले टॉवेल वाळत घालायचे. हे ऐकून भावजींनी वहिनींना कोपरानं ढोसलं. वहिनींनी त्यांना परत ढोसलं.

"गंमत म्हणजे आजीला पोहता येत नव्हतं," बाई सांगत होत्या. "मुलानं लाइफ जॅकेटं आणली, तर म्हणाली, मला भोपळे बांधतोस होय रे? शेवटपर्यंत घातलं नाही. पोरगा रोज काठावर जीव मुठीत धरून उभा."

नावाडी धक्क्यावर पाय सोडून बसला होता. मागे ओळीनं लाल जॅकेटं टांगलेली, एक खुंटी रिकामी.

"तिथलं कुठे गेलं, दादा?" वहिनींनी विचारलं.

"नेलं असेल कुणीतरी." तो नदीकडे पाहत होता.

"पुतळ्याला विरोध का केला होतात?"

"पाण्याच्या एवढ्या जवळ नको म्हणालो होतो. दुसरं काही नाही."

परतताना भावजींनी निकाल दिला. बाईंनी डोकं लावलं, नावाड्यानं होडी दिली आणि शिल्पकार बोंब मारून नामानिराळा राहिला.

"म्हणजे सगळेच चोर?"

"कुणाला वाईट वाटायला नको."

ऊन कलताना वहिनींनी सगळ्यांना धक्क्यावर बोलावलं.

"चोर नाहीच," त्या म्हणाल्या. "गाळ चौथऱ्याच्या खाचेत कसा गेला? पाणी तिथवर चढलं म्हणून. पुतळा पाण्यानंच नेला."

"पण लाकूड बुडतं," शिल्पकार म्हणाला.

"हळूहळू बुडतं, हे तुम्हीच सांगितलंत. म्हणजे पाण्यापेक्षा जेमतेम जड. थोडा आधार मिळाला की तरंगेल. आता ते झिजलेले पट्टे. दोर कमरेला बांधतील, खांद्यांवरून कशाला घेतील? खांद्यांवरून येऊन कमरेला आवळतात ते जॅकेटचे पट्टे. आणि इथली एक खुंटी रिकामी आहे."

नावाड्यानं मान खाली घातली.

"रोज संध्याकाळी घालत होतात ना, दादा?"

त्यानं रिकाम्या खुंटीवरून हात फिरवला.

"माणसं गेली की घालायचो," तो म्हणाला. "सकाळी कुणी यायच्या आत काढायचो. लाकडाला जॅकेट घालतो म्हटल्यावर लोक काय म्हणतील? जिवंतपणी एकदाही घालू दिलं नाही तिनं. आता तरी नाही म्हणत नाही." त्यानं डोळे पुसले. "मला वाटलं, चोरानं जॅकेटसकट नेली."

"जॅकेट माणसाला उभं तरंगवतं," वहिनी म्हणाल्या. "आणि या नदीत पडलेलं कुठे अडकतं, हे भावजींच्या टोपीला विचारा."

तेव्हा कुठे नावाडी उठला आणि त्यानं सगळ्यांना होडीत घेतलं. होडी वळणावर आली आणि भावजींनी आयुष्यात पहिल्यांदा वहिनींच्या आधी काहीतरी पाहिलं.

लव्हाळ्यात, कमरेएवढ्या पाण्यात वल्हेआजी ताठ उभी होती. लाल जॅकेट, सगळे पट्टे आवळलेले, तोंड पैलतीराकडे. भावजींची टोपी तिच्या कोपरावर टांगलेली. खोटं वाटत असेल, तर भावजींची टोपी बघा. अजून तिला नदीचा वास येतो.

शिल्पकारानं पाण्यात उतरून तिच्या गालावरचा चिखल पुसला. मग नावाड्याकडे न बघता म्हणाला, "चुकलो मी. हवं तर जॅकेट लाकडातच कोरून देतो. कायमचं."

"नको," नावाडी म्हणाला. "कायमचं म्हटलं की ती रागावेल. रोज घालीन मी. पण बोल्ट तेवढे मारा."

"मारतो," शिल्पकार म्हणाला.

परतताना पुतळा मधे आडवा, सगळे कडेला दाटीवाटीनं. आदल्या दिवशी होडीत भावजींनी पोट आवळतं म्हणून जॅकेटचा पट्टा सोडूनच ठेवला होता. आता त्यांनी आजीकडे एकदा पाहिलं, श्वास आत ओढला आणि गुपचूप पट्टा लावला.

वहिनींनी पाहिलं, पण टोमणा मारायला त्यांना सवड नव्हती. त्या आपला पट्टा लावण्यात गुंतल्या होत्या.