सहासष्ट फूट

फेब्रुवारीतल्या, तिथल्या भर उन्हाळ्यातल्या त्या मंगळवारी सकाळी साडेसहाला सुरुचीने माळावर मोजणीच्या यंत्राची तिवई उभी केली, तेव्हाच तिची कंबर भरून आली होती. पंधरा वर्षांपूर्वी ती पुण्याहून मास्टर्स करायला मेलबर्नला आली. युनिव्हर्सिटी संपली, सर्व्हेयरचं लायसन्स मिळालं, आणि तेव्हापासून हेच चाललं होतं. माळ मोजायचा, प्लॉट पाडायचे, खुंट्या ठोकायच्या, पुढच्या माळावर जायचं. मेलबर्नच्या कडेला टार्निटमधलं तिचं स्वतःचं घरही अशाच एका माळावर होतं, इथून जेमतेम दोन किलोमीटरवर. चार वर्षांपूर्वी तिथे गुडघाभर गवत होतं.

तिचा कामावरचा जोडीदार ग्लेन साठीला आलेला, गुडघ्यांनी बेजार. तो ओढ्याजवळच्या कोपऱ्यावर काठी धरून उभा राहिला. काठीच्या टोकाला काचेचा प्रिझम होता. यंत्र त्या प्रिझमला नजरेत पकडतं, आणि माणूस चालू लागला की आपोआप त्याच्या मागे वळत राहतं. सुरुचीला फक्त आकडे तपासायचे असतात.

सव्वासातला यंत्राने ग्लेनला सोडलं.

ते शांतपणे उजवीकडे वळलं, थांबलं आणि बीप करून त्याने एक बिंदू नोंदवला. मग थोडं पुढे सरकून पुन्हा बीप. सुरुचीने दुर्बिणीला डोळा लावला. वाळकं गवत होतं, काळे दगड होते आणि हवा आताच थरथरायला लागली होती.

"काय झालं?" रेडिओवर ग्लेनने विचारलं.

"रिफ्लेक्शन असेल. कुणाच्या तरी गाडीची काच."

तिने यंत्र बंद करून सुरू केलं. दहा मिनिटं ते नीट चाललं, मग पुन्हा उजवीकडे गेलं. ते कुणाच्या तरी पावलांच्या वेगाने वळत होतं. दमलेल्या पावलांच्या.

दुपारी साइटवरच्या कंटेनरमध्ये तिने आकडे उतरवले. नको असलेले बिंदू एकतीस होते. ते सगळे एका सरळ रेषेत, आणि प्रत्येक दोहोंमधलं अंतर वीस मीटर, अकरा सेंटिमीटर, सात मिलिमीटर. तिने तीनदा तपासलं. एक मिलिमीटरही इकडचा तिकडे नव्हता.

तो आकडा तिला ओळखीचा होता. सहासष्ट फूट. साहेबाच्या मोजणीची एक साखळी. तिचे वडील साताऱ्याला भूमी अभिलेखमध्ये होते. तिथे तेहतीस फुटांची शंकू साखळी चालायची, हिची धाकटी बहीण. वडील म्हणायचे, इंग्रज आधी साखळी पाठवायचा, फौज मागाहून. कित्येकदा फौजेची गरजच पडत नसे.

सुरुचीने एकतीस बिंदू निवडले आणि डिलीट केले. घरी जाऊन पोळ्या करायच्या होत्या.

बुधवारी अठ्ठावीस आले. रेषा कालच्या शेवटच्या बिंदूपासून पुढे निघाली होती. ग्लेनने त्या दिवशी तीन वेळा जागा बदलली. रेषेच्या बाजूला तो उभाच राहिना.

"इथे कुणीतरी चालतंय का, मेट?" डबा खाताना त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता सँडविच तसंच गुंडाळून ठेवलं.

गुरुवारी सकाळी आंटी जून आल्या. या जमिनीच्या मूळ लोकांपैकी एक. खोदकामात त्यांच्या पूर्वजांचं काही निघालं तर पाहायला त्या येत. सत्तरीच्या, सपाट आवाजात बोलणाऱ्या. सगळे त्यांना आंटी म्हणत, आणि सुरुचीला ते मुळीच परकं वाटत नसे. ओढ्याकाठी त्यांना जळकट दगड सापडले होते. जुनी चूल.

कंटेनरमध्ये सुरुचीच्या स्क्रीनवर पहिल्या सरकारी मोजणीची वही उघडी होती. जुन्या हद्दी जुळवायला ती लागतेच. पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं तिरकं, नेटकं अक्षर. तिने दिशेचा आकडा पाहिला आणि आपल्या रेषेशी ताडून पाहिला. दोन्ही एकच. ओढ्याजवळच्या टिपणात लिहिलं होतं, 'पाणी उत्तम. चुली.' आणि शेवटच्या रकान्यात, 'रिकामी जागा. वस्ती नाही.'

"चुली दिसल्या आणि वस्ती नाही?" सुरुची पुटपुटली.

"माझ्या पणजीची आई त्या चुलीपाशी बसली होती," आंटी जून म्हणाल्या. "ही वही लिहिणाऱ्याने तिच्या हातची वाम मासळी खाल्ली. आमच्याकडे अजून सांगतात. खाल्ली, तोंड पुसलं आणि लिहिलं, कुणी नाही."

"मग?"

"मग तसंच झालं."

सुरुचीला काहीतरी बोलावंसं वाटलं. तेवढ्यात ऑफिसातून साहेबाचा फोन आला. शुक्रवारी दुपारपर्यंत नकाशा हवा होता. नकाशात ओढ्यासमोर एक रकाना होता, 'सध्याची वस्ती'. आंटी बाहेर गेल्यावर तिने तिथे 'नाही' टाइप केलं. चुलीचा अहवाल वेगळा जाणारच होता. नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं. तरी एंटर दाबताना तिने दाराकडे पाहिलं.

त्या दुपारी बेचाळीस बिंदू आले.

माळ संपून घरं सुरू होतात तिथेही रेषा थांबली नव्हती. भिंतींपलीकडे, छपरांआड, जिथे यंत्राची नजर पोचणंच शक्य नव्हतं, तिथेही सहासष्ट फूट, सहासष्ट फूट. सुरुचीने बिंदू गल्ल्यांच्या नकाशावर ठेवले. शेवटून तिसरा रस्त्यावर होता. शेवटून दुसरा एका घराच्या स्वयंपाकघरात.

ते तिचं घर होतं. शेवटचा बिंदू त्यापलीकडे, शेजारच्या नुपूरच्या अंगणात.

 रात्रीच्या जेवणानंतर तिने नवऱ्याला, यतिनला, सगळं सांगितलं. तो शहरातल्या एका हॉस्पिटलात फार्मासिस्ट. शिफ्ट, ट्रेन, पुन्हा ट्रेन. तो अर्धवट झोपेत होता.

"सुट्टी घे ग जरा," तो म्हणाला. "डोळे बघ तुझे."

तिने बेचाळीसही बिंदू पुसून टाकले. शुक्रवारी नकाशा पाठवला. यंत्र त्या दिवशी एकदाही भरकटलं नाही.

शुक्रवारी त्यांच्या गल्लीत कचऱ्याची गाडी यायची. त्या शुक्रवारी गाडी आली, डावीकडचा डबा उचलला, उजवीकडचा उचलला. त्यांचा तसाच भरलेला राहिला.

शनिवारी कुरिअरवाल्याचा फोन आला.

"मॅडम, मैं आपकी गली में हूँ. इस नंबर पे तो घर ही नहीं है. खाली प्लॉट है."

सुरुची खिडकीत गेली. व्हॅन दारातच उभी होती. फोन कानाला लावून तो मुलगा सरळ तिच्याकडे बघत होता. तिने हात हलवला. त्याचे डोळे तिच्यावरून फिरून पलीकडच्या कुंपणावर गेले.

"मॅडम? सुन रही हो?"

यतिन बाहेर धावला, तोवर व्हॅन निघून गेली होती. "नवीन आहे रे तो," यतिन स्वतःशीच म्हणाला.  शेजारच्या नुपूरच्या नवऱ्याला, शैलेंद्रला, त्याने हाक मारली. शैलेंद्र गाडी धूत होता. त्याने नळ बंद केला, इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा सुरू केला.

रविवारी सकाळी सुरुचीने ऑफिसच्या गाडीतून यंत्र काढलं आणि घरासमोर तिवई लावली. यंत्राला प्रिझमशिवायही मोजता येतं. लाल किरण ज्याच्यावर पडतो, त्याचं अंतर ते सांगतं. टेपने तिने आधीच मोजलं होतं. इथून घराची भिंत नऊ मीटर.

यंत्राने अडतीस पॉइंट चार सांगितलं.

तिने पुन्हा मोजलं. अडतीस पॉइंट चार. घरामागच्या कुंपणाचं अंतर.

तिची अकरा वर्षांची मुलगी अनन्या टोस्ट खात बाहेर आली. "मम, व्हॉट आर यू डूइंग?"

"जरा मदत कर. मी तिकडे उभी राहते. मी सांगितलं की हे बटण दाब आणि आकडा वाच."

"ओके. नो वरीज."

सुरुची चालत गेली. भिंतीला पाठ टेकली. विटा उन्हाने तापल्या होत्या, त्यांची ऊब कुर्त्यातून लागत होती. ती खरी होती. समोर अनन्याने एक डोळा मिटला आणि दुर्बिणीत पाहिलं.

"मी दिसतेय?" सुरुचीने विचारलं.

 अनन्याने दुर्बिणीवरून डोळा काढला, आईकडे पाहिलं, पुन्हा दुर्बिणीत पाहिलं.

"दाब बटण, अनू."

बीप झालं.

"थर्टी एट पॉइंट फोर," अनन्या हळूच म्हणाली.

सुरुचीने मान खाली घालून छातीकडे पाहिलं. पांढऱ्या कुर्त्यावर लाल ठिपका नव्हता.