टाचेचे दोन ठोके

लग्नघरची भांडी कल्हईला काढायची म्हणजे नबीलाललाच हाक जायची. हात साफ आणि तोंडाला कुलूप. लग्नघराला आणखी काय हवं? त्या माघात कळंब्याच्या बापूसो पाटलाच्या मुलीचं, चंदनाचं, लग्न ठरलं, तेव्हा भाता, कथील आणि नवसागराची पुरचुंडी झोळीत घालून तो सकाळीच कोल्हापुरातून चालत निघाला. झोळीच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेली सनई होती. गेली बारा वर्षं ती तिथेच होती. तो ती वाजवत नसे आणि घरी ठेवतही नसे.

दिवस कलला तेव्हा शेवटचं पातेलं लखलखीत होऊन निखाऱ्यावरून उतरलं. बापूसोची म्हातारी आई, आक्काताई, ते न्यायला आली आणि नुसतीच उभी राहिली.

"जेवून घे नबीलाल. दिवस बुडल्यावर आमच्या जैनांत ताट न्हाय."

"नगं आक्काताई. उजेड हाय तवर वाट तोडतो."

"माळावरनं जाऊ नगंस. तळ्याच्या कडंनं जा." आक्काताईचा आवाज एरवी शिवारात ऐकू जायचा; तो एकदम खाली आला. "माळावर सनई वाजती..."

नबीलालचा हात भात्यावर थांबला. "कवा?"

"रोज तिन्हीसांजंला, लगीन ठरल्यापासनं. एकटीच वाजती, मागं सूर न्हाय. मधीच तुटती... आन परत पैल्यापासनं. घरात लगीन, आन दारात ही अर्धी सनई. पोरगी जेवंना झालीया."

नबीलालने भाता झोळीत घातला. झोळी उचलली आणि त्याने माळाचीच वाट धरली.

सनईला माणसं दोन लागतात. एक चाल वाजवतो आणि दुसरा मागे बसून एकच सूर धरून ठेवतो. लोक वाहवा करतात ती पहिल्याची. दुसऱ्याचे फक्त गाल फुगतात. नबीलाल हा दुसरा. पहिला त्याचा थोरला भाऊ, ख्वाजा. पाण्याच्या वाटीत काडी बुडवून, बुडबुडा तुटू न देता नाकाने श्वास कसा घ्यायचा, हे वडलांनी नबीलालला नवव्या वर्षी शिकवलं होतं. आणि एक नेम घालून दिला होता. चाल संपली की ख्वाजा टाचेने जमिनीवर दोन ठोके देणार. ते पडल्याशिवाय सूर सोडायचा नाही, मांडवाला आग लागली तरी.

त्यांच्या घराची म्हणून एक चाल होती. नबीलाल जन्मला तेव्हा वडलांनी ती उंबऱ्यावर बसून वाजवली. ख्वाजाच्या लग्नात नबीलालने तिच्यामागे पहिल्यांदा सूर धरला. स्वतःच्या लग्नात तो नवरदेव, म्हणून सूर दुसऱ्याकडे. त्या बिचाऱ्याचा श्वास तुटला की सेहऱ्याआडून नबीलाल दात खायचा. वडील गेले, चाळीस दिवस झाले आणि परसात बसून दोघा भावांनी तीच हळू आवाजात वाजवली. रडले मात्र नाहीत. रडणाऱ्याला सूर धरता येत नाही.

मग गाठीचा ताप आला. ख्वाजाला कळंब्याच्या माळावर, रोग्यांच्या झोपडीत नेऊन ठेवलं. नबीलाल पेज घेऊन गेला तर भाऊ बसलेला, हातात सनई. "धर सूर," म्हणाला. चाल मध्यावर आली, ख्वाजाचा हात वर झाला आणि नबीलालला काखेतली गाठ दिसली. लिंबाएवढी, काळीनिळी. त्याने सूर सोडला आणि तो पळाला. पाठीमागे सनई थोडा वेळ एकटीच वाजत राहिली, मग तुटली. ख्वाजा रात्रीच गेला; सकाळी झोपड्या जाळल्या. ख्वाजाची सनईही त्यातच गेली.

त्यानंतर नबीलालने भाता धरला. खैरुनबी, त्याची बायको, वारली. मुलगी सासरी गेली. दोन्ही वेळा ती चाल वाजली नाही. घरी कोणी नव्हतं हे एक वेळ सोसलं असतं. ती चाल नव्हती, हे त्याला सोसत नव्हतं.

माळावर गवताशिवाय काही उरलं नव्हतं. तरी जळक्या छपराचा वास आला. बारा पावसाळे होऊन गेलेल्या जागी... ओला, ताजा वास.

आणि सनई सुरू झाली. चार हातांवर. तिथे कोणी नव्हतं.

नबीलाल खाली बसला, नेहमीसारखा, जरा मागे. झोळीतून सनई काढून त्याने तिची पाती तोंडात धरून ओली केली. "ख्वाजाभाई," तो कुजबुजला, "ह्या बारीला सोडत न्हाय... पुरी कर आन जा."

त्याने सूर धरला. चाल मध्यावर आली. तिथे ती अडखळली, आणि पुढे गेली. बारा वर्षं न ऐकलेली ती पुढची बाजू ऐकून नबीलालच्या डोळ्यांतून पाणी गळू लागलं, पण श्वास तुटला नाही. चाल वळली, उतरली, संपली.

त्याचे कान जमिनीकडे लागले.

एक ठोका पडला. त्याच्या मांडीखालची जमीन हलली.

दुसरा पडला नाही.

नबीलाल सूर धरून राहिला. छाती जळू लागली. अंधार पुरता भरला. आणि समोरून चाल पुन्हा सुरू झाली, पहिल्यापासून. उंबऱ्यावर वाजवली होती तशी, नव्या जीवासाठी वाजवतात तशी.

दूर पाटलाच्या सोप्यात दिवा लागला. आक्काताईचा आवाज वाऱ्यावर आला.

"चंदने, ऐक गं... आज मागं सूर हाय. आता दोघं हायेत!"

तिला हाक मारावी, कोणाला तरी बोलवावं, असं नबीलालच्या मनात आलं. पण हाक मारायची तर सूर सोडावा लागला असता, आणि तो त्याने एकदा सोडला होता. दुसऱ्या ठोक्याची वाट बघत त्याने नाकाने पुन्हा श्वास भरून घेतला.