डाव्या पायाची चप्पल

पहिल्याच दिवशी केरबानं घोटाळा केला. शहागंजातल्या मेंदूच्या डॉक्टरांकडे तो आला, कस्तुराच्या टेबलापाशी नाव सांगून आत गेला, आणि बाहेर येऊन खिडकीशी उभ्या असलेल्या तिलाच विचारू लागला, "मगाच्या त्या बाई कुठं गेल्या हो?"

कस्तुराला वाटलं, थट्टा करतोय. "गेल्या पळून!" ती म्हणाली.

आवाज ऐकला आणि तो कानापर्यंत लाजला. "तुमीच व्हय…"

कस्तुरा डॉक्टरांचे लेख सुवाच्य अक्षरात उतरवून द्यायची. पुढच्या लेखात तिला तो भेटलाच. लासूर स्टेशनकडचा, मेंढरांमागं वाढलेला, वाळूजच्या कारखान्यात लागलेला तरुण. सायकलवरून पडला आणि त्याला चेहरेच ओळखू येईनात. आईचाही नाही. 'चेहरा पुसला जातो, माणूस पुसला जात नाही,' असं डॉक्टरांनी खाली लिहिलं होतं. डॉक्टरांचं काय जातंय लिहायला!

दर गुरुवारी तो येई आणि ती आधी बोलेपर्यंत परक्यासारखा उभा राही. मग मात्र गप्पा संपता संपत नसत. एका गुरुवारी त्यानं सरळ विचारलंच, "माझ्याशी लगीन कराल का?"

"आणि बाजारात दुसरीचाच हात धरलात तर?"

"तुमी हाक मारा की!"

ती हसली खरी, पण 'बघू' म्हणून पुन्हा लेख उतरवायला लागली. आदल्याच दिवशी बाजारात तो तिच्या अगदी समोरून गेला होता. ती ओठ घट्ट मिटून उभी राहिली होती— बघू तरी, ओळखतो का! त्यानं मान वळवलीसुद्धा नाही. जन्मभर असंच? आपल्याच घरात, आपल्याच माणसाला, रोज नव्यानं नाव सांगायचं?

एक गोष्ट मात्र तिनंही त्याच्यापासून लपवली होती. लहानपणीच्या तापानं तिचा डावा पाय आखूड राहिला होता. मोच्याकडून चपलेला जाड टाच लावून घेऊन ती अशी जपून चाले, की कुणाला शंका येऊ नये.

ते नामांतराच्या आंदोलनाचे दिवस. बुधवारी भर दुपारी कुणीतरी ओरडलं, "पळा, दगडफेक!" धडाधड शटरं पडली. गर्दीनं कस्तुराला ढकललं, डावी चप्पल पायातून निसटली. ती लंगडत, भिंत धरत पळाली. आणि समोर केरबा! तो वेड्यासारखा प्रत्येक बाईकडे बघत होता. कस्तुरानं हाक मारली, पण आरडाओरड्यात ती विरून गेली. त्याची नजर तिच्या चेहऱ्यावरून सरकली… पुढं गेली. संपलं, तिला वाटलं.

ती तशीच दोन पावलं पुढं गेली. मागून कुणीतरी तिचं मनगट पकडलं.

"कस्तुरा!"

त्यानं तिला ओढून एका जिन्याखाली नेलं.

"कसं… ओळखलंत?"

"अगं, मागल्या महिन्यात दवाखान्यात तू पान्याचा तांब्या घेऊन अनवानी चाललेलीस. तवाच पाहिली ही चाल. पन मग रोज सगळ्यावानीच चालायचीस, मला काय कळनार? दीडशे मेंढरांत लंगडी कोन, ते मी पाठमोरं सांगतो."

"मला मेंढी म्हणता?"

"लई लाडकी असती ती," तो गडबडून म्हणाला. तो 'तू' म्हणाला होता, हे दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं. बाहेर अजून आरडाओरडा चालला होता. तिनं त्याचा हात सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी शहर शांत होतं. कस्तुरा सपाट चपला घालून दवाखान्याचा जिना चढली. एक पाऊल जड, एक हलकं. वर दाराशी केरबा पाठमोरा बसला होता. ती मुद्दामच काही बोलली नाही.

"आलीस?" मागं वळून न बघताच त्यानं विचारलं.

"आले," कस्तुरा म्हणाली, "आणि लगीनही करीन."