मुक्कामी पाहुण्यांचं रजिस्टर

देवाशपथ सांगतो, यातला शब्दन् शब्द खरा आहे. म्हणजे मी तिथं नव्हतो, आणि माझ्या शपथेचं मोल माझ्या बायकोला विचारा.

रंगूनची मा खेत यी दुपारच्या बसनं प्यी गावी उतरली ती फक्त एक वही परत न्यायला. अठ्ठ्याऐंशीच्या उठावात गोळ्या खाल्लेल्या त्रेसष्ट विद्यार्थ्यांची नावं तिनं इस्पितळांच्या दारात उभं राहून टिपली होती. लष्कराच्या लेखी ती पोरं जन्मलीच नव्हती. वही तिनं भावाच्या जिवलग मित्राकडे, तौंग श्वेकडे, ठेवायला दिली. भाऊ मिन लत तेव्हाच सीमेपार पळाला म्हणे. तो खुशाल असल्याचा निरोप दरसाल हाच तौंग श्वे धाडत आला होता.

त्यानं चहाच्या पाल्याची कोशिंबीर पुढे केली. नजर मात्र वर उचलेना.

"दादा, वही?"

"दिली... लष्करवाले आले होते. त्याच साली."

त्याच साली त्याला भातगिरणीचा परवाना मिळाला होता. घास तिच्या तोंडातच राहिला.

"गिरणी बरी चालते ना? भाताबरोबर पोरंही भरडलीस."

तो उठला. घरी कुणी मुक्कामाला आलं की नाव रजिस्टरात लिहून वॉर्डाच्या कचेरीचा शिक्का घ्यायचा, हा तिथला कायदा. त्यानं पेटारा उघडून आठ वर्षांची रजिस्टरं तिच्यापुढे रचली.

"ती पोरं रोज दिवेलागणीला येतात... भिंतीला टेकून बसतात. नावं लिहून होईपर्यंत हलत नाहीत."

कारकून एका चिरुटावर न वाचताच शिक्के मारी. तिनं तळातलं, सगळ्यात जुनं रजिस्टर उघडलं. तिचीच यादी, तिच्याच क्रमानं, सरकारी शिक्क्यासकट. तिनं बोट फिरवत मोजलं. चौसष्ट.

शेवटचं नाव मिन लत.

"दादा... हा तर सीमेपार..."

तौंग श्वे दाराकडे बघत राहिला. दिवेलागण झाली होती; लाकडी जिना पायरी पायरीनं करकरू लागला होता.

हाताला लागलं ते वरचं, चालू सालचं रजिस्टर उचलून ती मागच्या दारानं निघाली, ती थेट रंगूनला.

आता कबूल करतो. नावं तौंग श्वे लिहायचा, असं मी तुम्हाला वाटू दिलं, ती थाप. अक्षर मिन लतचं होतं; बहिणीनं ते पहिल्याच पानावर ओळखलं. आणि बसमध्ये तिच्या बोटांना शाई लागली. त्या संध्याकाळच्या मुक्कामाची नावं त्यात लिहून झाली होती, आणि पान अजून वाळलं नव्हतं.